फरशीच्या एकाहत्तर ओळी

१

यातला एक शब्द जरी तू खरा मानलास ना पोरी, तर मी ही कवळी काढून तुझ्या हातावर ठेवीन. लाव पैज. या गावात माझ्या बोलण्यावर कुत्रंसुद्धा कान टवकारत नाही. चर्चच्या जेवणात साखरेच्या भांड्यात मीठ भरणारी बाई मी, माझं काय धरून बसतेस?

तू या वृद्धाश्रमात आलीस वही घेऊन. हॅस्केटची जुनी शाळा कुणी बांधली, कधी बांधली, दगड कुठला. लिही मग. मंदीच्या दिवसांतली आहे, दुष्काळी कामातली. छत्तीस साली हातात घेतली अन् अडतीस साली कशीबशी सोडली. दगड मागच्या टेकडीचा, गुळाच्या रंगाचा. भिंती दोन फूट जाड. दोन टोकांना दोन दारं. पूर्वेच्या दारावर ‘मुलगे’ कोरलंय, पश्चिमेच्या दारावर ‘मुली’. मधे सरळसोट लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच वर्ग, अन् पूर्वेच्या टोकाला स्वयंपाकघर. बांधणाऱ्यांत खरा गवंडी एकच होता. बाकी सगळे शेतकरी, ज्यांची माती वाऱ्यानं उडवून नेली ते. म्हणून पूर्वेची भिंत बघशील तर दगड कसे, पोराच्या पडक्या दातांसारखे. अन् पश्चिमेकडं जावं तसे नीट होत जातात. हात शिकत गेले ना.

पॅसेजची फरशी त्याच दगडाची. दोन-दोन फुटी ओळी. एकाहत्तर.

तो आकडा लिहून ठेव अन् खाली रेघ मार.

२

ऑर्फा स्टब्ज ती फरशी अठ्ठावीस वर्षं पुसत होती. शिपाईण म्हण, झाडूवाली म्हण, बॉयलरवाली म्हण, सगळं तीच. काडीसारखी बाई, हात मात्र पुरुषासारखे.

साडेतीनला पोरांची बस जायची. चार वाजता ऑर्फा दोन्ही दारांना आतून कडी घालायची, स्वयंपाकघरातल्या नळावर चाकांची बादली भरायची, गरम पाणी, मूठभर सोडा. मग स्वयंपाकघराच्या दारापासून पुसायला सुरुवात. पाठमोरी, बरं का. पुढं तोंड करून पुसलं तर आपलेच पाय ओल्यात उमटतात. ती तोंड पूर्वेला ठेवून एकेक ओळ पुसत मागं मागं सरकायची, बादली बाजूनं ओढायची. पश्चिमेच्या उंबऱ्याला पितळी पट्टी होती. तिची टाच त्या पट्टीला लागली की दिवस संपला. मागं वळून बघायची गरज तिला अठ्ठावीस वर्षांत पडली नव्हती. टाचच तिचे डोळे.

अन् एक बादली बरोबर पुरायची. पट्टीला टाच लागायची तेव्हा तळाला वाटीभर पाणी उरलेलं असायचं, ते ती दाराबाहेरच्या झाडाला घालायची.

तिचा एकच कायदा. ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही. कुणीच नाही. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते, टोपी हातात धरून पाऊण तास मुकाट उभे राहिले. फरशी वाळल्यावर मग ऑर्फानं मान हलवली, तेव्हा कुठं हलले. त्या शाळेत शिकलेली पोरं बाप झाली तरी ओली जमीन दिसली की थबकायची, इतकं ते अंगात मुरलेलं.

शाळेत एक स्वयंपाकीण होती. नाव विचारू नकोस. पोचलेली बाई, चावट, काही ना काही खोडी काढल्याशिवाय तिचं जेवण पचायचं नाही. ऑर्फाची अन् तिची लहानपणापासूनची गट्टी. ऑर्फा पुसायला लागली की ही स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून कॉफी पीत बसायची अन् तिला चिडवत राहायची, पाठीला बाक आलाय, चिंपाझीण दिसतेस. ऑर्फा लांबून म्हणायची, “भवाने, तुझ्या मक्याच्या पावानं माझी दाढ पडली, ती आधी भरून दे.”

त्या वर्षी, सहासष्ट साली, शाळा मे महिन्यात बंद व्हायची होती. पोरं कमी झाली, उरलेल्यांना बसनं बावीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत घालायचं ठरलं. गाव रडलं. ऑर्फा नाही रडली. तिची लेक अर्लीन टल्सा शहरात होती. तिनं आईसाठी एक खोली काढून ठेवली होती, अन् खिडकीपाशी एक खुर्ची. हातांची, पाठीला उशी असलेली. ऑर्फा दुसऱ्या कशाचं नाव काढायची नाही. ना नातवंडांचं, ना टल्साचं. “मला काही नको गं,” म्हणायची. “मला नुसतं बसायचंय.”

३

फेब्रुवारीत एक दिवस पाणी कमी पडलं.

थोडंसंच. शेवटच्या दोन ओळींना बादलीत काही उरलं नाही, तिनं नुसतंच ओलसर फडकं फिरवलं. म्हणाली, पोछा नवीन आहे, जास्त पितो. दुसऱ्या दिवशी जुना पोछा घेतला. तीन ओळी कोरड्या राहिल्या. मग म्हणाली, हाताला पूर्वीची पकड नाही, पिळताना पाणी सांडत असेल. तिसऱ्या दिवशी जपून जपून पिळलं. चार.

ऑर्फा काही भुताखेताला मानणारी बाई नव्हती. बॉयलरच्या तळघरात तिनं उभा जन्म काढलेला, तिथं अंधाराला पण कोळशाचा वास. तिनं आपली सरळ बेरीज केली. वय एकोणसाठ. गुडघ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय. हात हळू चालतो, तोवर गरम पाण्याची वाफ होऊन जात असेल. फरशी तीच आहे, कमी पडतेय ती मीच.

अन् दमत होती बघ ती. घरी गेल्यावर बूट काढायलाही वाकवत नव्हतं, बुटांसकट पलंगावर पडायची.

फक्त एक गोष्ट तिच्या बेरजेत बसत नव्हती. टाच. मागं पाऊल टाकायचं, आता पट्टी लागेल. नाही. अजून एक पाऊल, आता लागेल. टाचेखाली परत दगडच. पायरी संपली असं समजून पाय टाकावा अन् आणखी एक पायरी निघावी, तसं. रोज.

४

एक एप्रिलला स्वयंपाकिणीनं खोडी काढली. त्या दिवशी सगळं जगच काढतं, ती कशी मागं राहील? ऑर्फा बादली भरून कपाटातून पोछा आणायला गेली, तेवढ्यात हिनं सूप वाढायच्या मोठ्या डावानं पाच डाव पाणी काढून घेतलं. अन् स्टुलावर बसली मजा बघत.

ऑर्फा पॅसेजच्या मध्यावर पोचली अन् पाणी संपलं. ती थांबली. पोछा भिंतीला टेकवला, बादलीत वाकून बघितलं. मग तिनं तोंडावर हात धरला अन् ती रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

 स्वयंपाकीण दारातूनच ओरडली, अगं वेडे, मी काढलं पाणी, आज तारीख काय आहे बघ.

ऑर्फानं मान वर केली. “तू काढलंस?”

“मी नाही तर कोण?”

“म्हणजे रोज तूच काढत होतीस?”

हिला काही कळेना. रोज कसलं? पण ऑर्फाच्या तोंडावर असं काही उजाडलं होतं, अठ्ठावीस वर्षांत दिसलं नव्हतं असं. मग ऑर्फानं विचारलं, “फेब्रुवारीपासून?”

बाई खोटारडीच होती. एका क्षणात खोटं बोलली. होय, म्हणाली, फेब्रुवारीपासून मीच. तुझं तोंड बघायला मजा येते.

ऑर्फानं तिला अशा शिव्या घातल्या की वर्गांतले नकाशे लाजले असतील. अन् मग हसली, डोळे पुसत, पोट धरून. “सटवे, मला वाटलं मी संपले,” म्हणाली. “मला वाटलं मी टल्सापर्यंत काही पुरत नाही.”

५

आता खोटं बोललं की ते निभावावं लागतं. दुसऱ्या दिवशी ऑर्फा पोछा आणायला गेली तशी स्वयंपाकिणीनं बादलीत एक डाव पाणी जास्तीचं ओतलं. पुरलं. ऑर्फाची टाच पट्टीला लागली, तिनं लांबून हात हलवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन डाव लागले. आठवड्यानं पातेलंभर. रोज जेवढं घालावं तेवढं त्या दिवशी पुरायचं, अन् उद्याला परत कमी. सशाला कोबी घातल्यासारखं. बादली काठोकाठ भरायला लागली, चाकं कुरकुरायला लागली. अन् ऑर्फाला रोज जास्त वेळ लागायला लागला. साडेपाच, मग पावणेसहा. स्वयंपाकीण स्टुलावर बसून बघत होती. तिथून बघितलं तर काहीच वेगळं नाही. एक बाई फरशी पुसत लांब जातेय, तिच्यामागं दाराच्या काचेचा उजेड. फक्त तिला लांब जायला वेळ फार लागतोय.

पंधरा एप्रिलला बॉयलर बंद केला, थंडी संपली म्हणून. थंडीभर वाफेचे पाईप ठोकल्यासारखे वाजायचे, टक् टक्, त्याची सगळ्यांना सवय. पाईप गार पडले. ठोके राहिले.

टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक् टक्. दोनच. घाई कसली नाही. ऑर्फा म्हणाली, छतावर सुतारपक्षी असेल. स्वयंपाकीण म्हणाली, असेल.

बादली उपडी केली की तळाला आता वाळू निघायची. चिमूटभर. शहाण्यासारखं दोघींनी ठरवलं, पोरांच्या बुटांची आहे. ऑर्फानं ती बोटांत चोळून बघितली, नाकाशी नेली. मग हात एप्रनला पुसला. हॅस्केटमधल्या कुठल्याही बाईला विचार, ओल्या चुन्याला अन् सिमेंटला कसा वास येतो ते. शाळा बांधायच्या त्या दोन वर्षांत घराघरांतले पुरुष तोच वास घेऊन जेवायला बसायचे.

६

ऑर्फाचा नवरा हार्लन त्या कामावर होता. घरटी एकच माणूस घ्यायचे, तोही पंधरा दिवस काम, पंधरा दिवस घरी, म्हणजे सगळ्यांना वाटून मिळावं. काम आहे तोवर चूल आहे. शाळा पुरी झाली की चूल विझली. मग सांग, कोण घाई करेल? पॅसेजची फरशी हार्लनच्या टोळीकडं होती. सहा ओळी घालायच्या, अन् दुसऱ्या दिवशी साहेब जिल्ह्याला गेला की दोन उचलून ठेवायच्या. सपाट नाही म्हणायचं. मुकादम पण गावचाच, त्याच्या घरी पाच तोंडं, तो दुसरीकडं बघायचा. लोक हसायचे, सरकारी हातोडा म्हणायचे, दोन ठोके अन् विसावा. हार्लनचं तर तसंच होतं. गुडघ्यांना गोणपाट बांधून बसायचा, दगडाला दोन ठोके द्यायचा, टक् टक्, टोपी मागं सारायचा अन् दम खायचा. ऑर्फा डबा घेऊन गेली की म्हणायचा, “सावकाश घ्यायचं. हे संपलं की आपण संपलो.”

दोन वर्षं सगळ्यांनी हातांना तेच शिकवलं. हात शिकतात, मघाशी सांगितलं ना.

शेवटची एक ओळ हार्लननं चार दिवस घातली. एकाहत्तरावी. मग उद्घाटन झालं, बॅंड आला, केक आला, मोठी मंडळी बोलली. अन् बांधणारे मागं भिंतीला टोप्या हातात घेऊन उभे, मयताला आल्यासारखे. आठवड्यानं हार्लन मालगाडीवर चढून पश्चिमेला गेला, काम बघायला. हिवाळ्याच्या आत येतो म्हणाला. ॲरिझोनाहून एक कार्ड आलं, त्यावर निवडुंगाचं चित्र. अर्लीन तेव्हा चार वर्षांची होती. झालं.

ऑर्फानं त्याचं नाव पुढं घेतलं नाही. त्याची फरशी पुसली.

७

मेच्या पहिल्या आठवड्यात बादलीत आणखी पाणी मावेना. कडेपर्यंत भरलं तरी ऑर्फा शेवटी कोरडंच फडकं फिरवताना दिसली. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली, टेबलावर हात टेकले अन् म्हणाली, माझ्यासोबत मोज.

दोघी पुढं तोंड करून चालत गेल्या, एकेक ओळ मोठ्यानं मोजत. एकाहत्तर, अन् पट्टी. परत येताना मोजल्या. एकाहत्तर. हेडमास्तर लूमिस यांच्याकडं इमारत विकायची म्हणून बाहेर काढलेला तिचा जुना नकाशा होता, त्यावरही तेवढंच.

“बघ,” स्वयंपाकीण म्हणाली. “कुठं काय आहे?”

ऑर्फा म्हणाली, चालताना नाही वाढत. पुसताना वाढतं. काल मी पुसता पुसता मोजलं. एकशे नऊ झाल्या, मग मोजणं सोडलं. वळून बघितलं तर दार दोन पावलांवर. तोंड फिरवून परत पुसायला लागले तर अठरा ओळी अजून पुसल्या, टाच लागली नाही. “वाट तेवढीच आहे गं. काम वाढलंय.”

आता खोटं धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. स्वयंपाकिणीनं सांगून टाकलं. मी फक्त एक एप्रिलला काढलं होतं. तेव्हापासून उलट रोज घालतेय.

ऑर्फा हसली. तिचा खालचा उरलेला एक दात दिसला. “मला माहीत होतं,” म्हणाली. “नळाखालून बादली उचलते कोण? तिचं वजन मला कळत नाही होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू एवढं मनापासून खोटं बोलत होतीस. म्हटलं राहू दे.” ती खुर्चीत बसायला वाकली अन् तशीच परत उभी राहिली, कारण अजून चुलीखालची राख काढायची होती. “अन् खरं सांगू? पाणी पुरलं की बरं वाटायचं. पुरत नाहीये हे ठाऊक असूनसुद्धा.”

स्वयंपाकिणीनं तिला सरळ उपाय सांगितला. पुढं तोंड करून पूस. पाय उमटू दे, कोण बघतंय. ऑर्फानं आठ दिवस तसं केलं, अन् वीस मिनिटांत व्हायचं. पॅसेजभर तिच्या बुटांचे ठसे. रोज संध्याकाळी ती दारापाशी उभी राहून ते ठसे बघायची, जेवण करपलेल्या बाईसारखी.

लूमिस सरांनी शेवटच्या दिवशी तिला बोलावून किल्ल्यांची जुडी टेबलावर ठेवायला सांगितली. चांगला माणूस, बापडा. म्हणाले, ऑर्फाबाई, आज पुसू नका. उद्यापासून इथं कुणी येणार नाही, कुणासाठी पुसता? घरी जा, बसा.

ऑर्फानं किल्ल्या ठेवल्या नाहीत. म्हणाली, “सर, अठ्ठावीस वर्षांत मी अर्धं टाकून गेलेले नाही. अर्धं टाकून गेले तर तिथं टल्साला बसल्याबसल्या माझे हात चालत राहतील.”

८

चार वाजता तिनं दोन्ही दारांना कडी घातली. बादली भरली, गरम पाणी, मूठभर सोडा. स्वयंपाकीण हात मांडीखाली घालून स्टुलावर बसली, दिसावं म्हणून की मी कशाला हात लावत नाही. वर्ग सगळे रिकामे, दारं उघडी, प्रत्येक दारातून फरशीवर उन्हाचा एकेक चौकोन. ऑर्फानं पहिली ओळ पुसली अन् मागं सरकली. पाठमोरी.

“आज वळायचं नाही,” म्हणाली. “टाच लागेपर्यंत.”

जाता जाता दोघी बोलत होत्या. खुर्चीबद्दलच. उशीचा रंग निळा आहे म्हणे. स्वयंपाकीण म्हणाली, महिनाभरात तुझं बूड खुर्चीएवढं होणार. ऑर्फा म्हणाली, होऊ दे, कमावलंय मी ते. दर दहा ओळींनी ही विचारायची, कितवी? ती सांगायची. तीस. चाळीस. साठ. आवाज लांब जात होता, तो जाणारच.

“कितवी?”

“एकाहत्तर झाली.”

“टाच?”

“नाही.”

वळ मग, स्वयंपाकीण म्हणाली. झालं ना मोजून, वळ अन् ये. ऑर्फानं पोछा पिळला. तिचा तो पिळायचा आवाज इतक्या लांबून स्पष्ट आला. म्हणाली, दमलेय गं फार. पण थोडंच राहिलंय आता. पाणी पण आहे आज.

टक् टक्.

मग बराच वेळ काही नाही. ऑर्फा थांबली. डोकं जरा तिरपं केलं, स्वयंपाकघरातून हाक आली की करायची तसं. पण हाक स्वयंपाकघरातून नव्हती. मग तिनं पुढची ओळ पुसली, त्याच्या पुढची, त्याच्या पुढची. अन् लहान होत गेली. हे कसं सांगू तुला. पॅसेज एकशे बेचाळीस फूट. एवढ्या अंतरावर माणूस केवढा दिसतो हे स्वयंपाकिणीला ठाऊक होतं, अठ्ठावीस वर्षं बघत होती ती. ऑर्फा त्याहून लहान झाली. पोराएवढी, मग बाहुलीएवढी. काचेचा उजेडही तिच्यामागं लहान होत गेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. हात मात्र चालत होते, डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं.

उजेडाच्या खालच्या कडेला, जमिनीलगत, काहीतरी होतं. गोणपाटासारखं. एक हात वर गेला, दोनदा खाली आला. मग त्यानं डोक्यावरचं काहीतरी मागं सारलं.

ऑर्फा वळली नाही. मागं एक पाऊल टाकलं, अन् टाच कशाला तरी लागली. पट्टीला लागली असती तर खण् वाजलं असतं. काही वाजलं नाही. तिनं पोछा भिंतीला टेकवला, नीट, दांडा वर. मग गुडघ्यांवर हात ठेवून ती हळूहळू खाली बसली. अठ्ठावीस वर्षांत त्या फरशीवर तिला बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. पाठ तिनं मागं टेकली. कशाला टेकली ते दिसलं नाही.

स्वयंपाकीण उठली. दारात आली. बुटाचं टोक उंबऱ्यावर, अन् पुढं सगळी फरशी ओली, चकचकीत, कुठं एक पाऊल उमटलेलं नाही.

बाहेरून वळसा घालून पश्चिमेच्या दाराशी पळून काचेतून बघता आलं असतं. नाही सुचलं. त्या शाळेतल्या कुणाला सुचलं असतं? ओली फरशी होती, ऑर्फानं पुसलेली.

मी वाळायची वाट बघितली.

एकेक ओळ वाळत गेली माझ्या पायापासून. अन् मी मोजत राहिले. एकाहत्तर वाळेपर्यंत मोजल्या. त्याच्यापुढं नाही मोजल्या. मग चालत गेले, दार होतं तिथंच होतं, आतून कडी. पट्टीपाशी बादली, थेंब नाही, तळाला बोटभर वाळू. भिंतीला पोछा टेकलेला, दांडा वर. किल्ल्यांची जुडी दांड्याला लटकवलेली.

९

लूमिस सर म्हणाले, गेली असेल नवऱ्यासारखी. आतून कडी कशी, ते त्यांनी विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही. माझं कोण धरतंय? मी म्हणजे मिठाची बाई. अर्लीननं ती खुर्ची वर्षभर तशीच ठेवली, मग चर्चला देऊन टाकली. निळी उशी माझ्याकडं आहे. ही बघ, मी बसलेय तीच.

तू उद्या आत जाणार मापं घ्यायला. जा की. ओळी मोज, एकाहत्तरच भरतील, खात्रीनं लिही. पूर्वेच्या भिंतीचे वाकडे दगड बघ, पश्चिमेचे नीट दगड बघ. फरशीवर पंचवीस वर्षांची धूळ आहे. बाईमाणूस आहेस, हात शिवशिवतील, तिथं कोपऱ्यात पोछा अजून आहे. पुसू नकोस. एक ओळसुद्धा.

काय बघतेस अशी? खरं वाटलं? मग कवळी देऊ का काढून?

चल, ऊठ. माझं कॉफीचं वेळापत्रक मोडलंस. मघाशी सफाईच्या बाईनं इथला पॅसेज पुसलाय, अजून वाळला नसेल. तू बिनधास्त चाल त्याच्यावरून, उमटू दे पाय. तोंड दाराकडं ठेवून चाल, माझ्याकडं बघत मागं मागं जाऊ नकोस. जा आता.